पाचपर्यंत आणा, डॉक्टर

ऱ्होद्रीने दिलेली किल्ली कुठेच खुपसायची नसते.
गुळगुळीत खडा नुसता, खिशात ठेवायचा,
मग गाडी म्हणे माणूस ओळखते.
"पाचपर्यंत आणा, डॉक्टर. घ्यायची नसली
तरी कशी वाटली ते खरं सांगा."
खरं सांगायची सवय मला आहे.
चाळीस मैलांतल्या गोठ्यांत जाऊन
मी तेवढंच करत आले आहे.

घरी दोन आहेत, शनिवार-रविवारच्या.
हिरवी माझदा, घटस्फोटाचे कागद आले त्या आठवड्यातली.
दिवे लावले की उजवा डोळा आधी उघडतो,
डावा सावकाश,
झोपमोड केल्याबद्दल कुरकुरत.
छप्पर बरोब्बर डाव्या गुडघ्यावर गळतं.
मी गुडघ्यावर टॉवेल टाकते, पुढे जाते.

दुसरी लान्शिया, एकाहत्तरची, माझ्या भावाची.
थंडीत चोक किती ओढायचा
हे एमलिनने तोंडाने कधी सांगितलं नाही.
माझा हात स्वतःच्या हातावर ठेवून घेतला
आणि ओढला. दीड बोट.
धुकं असेल तर दोन.
वेल्समध्ये म्हणजे दोनच.

आणि ही नवी. खाणीतल्या पाटीसारखी राखाडी.
दार लागतं तेव्हा आवाज होत नाही,
बाहेरच्या मेंढ्या मुक्या होतात.
पडद्यावर विचारते: आज कशी चालू?
आरामात, खेळकर, की शर्यतीसारखी?
आजवर मला कुठल्या गाडीने विचारलं नव्हतं.
त्या आपापलं ठरवूनच गॅरेजातून निघायच्या.

बालाच्या तळ्यावरून खिंडीकडे चढले.
खरं सांगते: स्टिअरिंग हातचं काही राखत नाही.
ब्रेक शब्दाला जागतात.
चढावर माझदाला मी "चल गं बाई" म्हणत नेते,
हिला तो चढ आहे हे सांगावं लागलं असतं.
पाठीला ऊब होती. गुडघा कोरडा होता.
कोरड्या गुडघ्याकडे मी दोनदा पाहिलं.

चॅपलनंतर ते वळण येतं.
तिथे एमलिन वाक्य अर्ध्यावर सोडायचा.
"इथे पाय उचल, हेलेद."
माझ्या लग्नाच्या दिवशी गाडी चालवतानासुद्धा म्हणाला,
पाय त्याचाच होता तरी.
तो गेल्याला नऊ वर्षं झाली,
मी पाय उचलतेच आहे.

त्या दिवशी मी कुणाच्या तरी
मेंढीच्या सुजलेल्या सडाचा विचार करत होते.
आरशात पाहिलं तर चॅपल मागे.
वळण झालं होतं.

फाटकापाशी वळले, परत गेले.
पुन्हा. अजून एकदा, जरा जोरात.
काही नाही. साधा रस्ता,
जरासा डावीकडे झुकलेला.
इदवल फाटकावर कोपर टेकून बघत होता.
"काही हरवलंय का, डॉक्टर?"
"वळण," मी म्हणाले.
त्याने शेताकडे बघितल्यासारखं केलं.

म्हणजे दोष रस्त्याचा नव्हता कधीच.
लान्शियाच्या मागच्या पाट्यांचं रबर सैल,
बहुधा एमलिनने घेतली तेव्हापासून.
वीस वर्षं आम्ही बहीणभाऊ
मुठीएवढ्या रबराला डोंगर समजून
मान देत होतो.
मी खूप हसले. मग गाडी बाजूला घेतली,
आणि ती बंद आहे की चालू
हे कळायला मला वेळ लागला.

पाचला दहा मिनिटं असताना खडा परत दिला.
ऱ्होद्रीला सांगितलं: सगळ्यात चांगली.
माझ्या दोन्हींना एकत्र बांधलं
तरी हिच्या पासंगाला पुरणार नाहीत.
"मग घेताय?"
गॅरेजात जागा नाही म्हणाले.
जागा आहे. तेवढं एक खोटं.

रबर मागवलं. ट्युरिनहून खोका आला,
फळीवर आहे, माझदाच्या टॉवेलांशेजारी.
बसवायला एक दुपार पुरेल.
बसवेन.

काल धुकं होतं. दोन बोटं ओढली,
खिंडीकडे गेले. चॅपल आलं.
फाटकावरून इदवल ओरडला,
"सापडलं का?"
मी उत्तर दिलं नाही,
तेव्हा नेमका पाय उचलत होते.